बिनलग्नाचं नारळाचं झाड

गोंदियाच्या स्टेशनावर नारळाची पोती उतरताना मी पाहिली नसती, तर आज मी एक सुखी आणि अब्रूदार मास्तर राहिलो असतो. पण पाहिली. एकोणतीस सालचा उन्हाळा होता, गाडी दोन तास लेट होती, आणि रिकाम्या बसलेल्या मास्तरच्या डोक्यात काय शिरेल याचा नेम नसतो. हमाल पोतं टाकत होता, मी मोजत होतो, आणि माझ्या मनात आलं, हे फळ कुठल्या कुठल्या समुद्रावरून इथवर येतं आणि आम्ही ते नुसतं देवापुढे फोडतो. आपल्या गावाला एवढा मोठा तलाव आहे, तलावाला एवढी लांब पाळ आहे, तिच्यावर नारळ का नको? गावाला नारळ, विहिरीला दोर, दिव्याला तेल, अंगणाला खराटा, छपराला झावळ्या. गावानं कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

केशोरीपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथे शाळेच्या ओट्यावर उभं राहून मी हे सगळं भाषणात सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. आमच्याकडे लोक ऐकून घेतात, तोच त्यांचा नकार असतो. फक्त किराणावाले श्यामलाल पुढे आले आणि म्हणाले, "गुरुजी, एक नंबर माल देतो. शेंडीसकट."

शेंडीवाले एकवीस नारळ मी शाळेमागच्या वाफ्यात पुरले आणि पाच महिने रोज पाणी घातलं. पाचव्या महिन्यात वास इतका सुटला की तिसरीचा वर्ग समोरच्या ओट्यावर हलवावा लागला. तेव्हा कळलं की सोललेला नारळ कधी उगवत नसतो, त्याला वरचं सगळं काथ्याचं सोडण लागतं. श्यामलालला जाब विचारला तर तो उलट माझ्यावरच चिडला. "शेंडी ठेवली होती ना गुरुजी? मंग नाही उगवला त मी का करू? तुमीच उलटा लावला असन!"

माझी बायको सुलोचना. तिचा मावसभाऊ रेल्वेत मालबाबू होता. त्याच्या हातापाया पडून सोडणासकट एकवीस नारळ मागवले. त्यातले अकरा उगवले. उरलेले दहा मी तलावाच्या टोकाला, मासे धरणाऱ्या रुख्मा ढिवरिणीच्या झोपडीशेजारच्या उकिरड्यावर फेकून दिले. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही, म्हणून तर पुढचं रामायण झालं.

आता तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा. आमचे मालगुजार ईश्वरदासजी भला माणूस. ते म्हणाले, "लावा ना गुरुजी. पण सरकारला एक कागद टाका. उद्या कोणी विचारलं त माझ्या गळ्यात नको." मी कागद टाकला. तिथून तो तहसिलीत गेला, तहसिलीतल्या कोण्या कारकुनानं 'नारळ' वाचलं आणि ताडाच्या जातीचं झाड म्हणून कागद आबकारीकडे, म्हणजे दारूखात्याकडे सरकवला. आबकारीनं मला छापील फॉर्म पाठवला. प्रश्न पहिला, झाड ताडवर्गीय आहे काय? मी लिहिलं, आहे. प्रश्न दुसरा, त्यापासून मादक रस निघू शकतो काय?

इथे माझ्या स्वभावाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. मी खोटं बोलत नाही. पोरांना सगळं माफ करतो, खोटं सोडून. वर्गाच्या भिंतीवर मीच गेरूनं लिहिलेलं होतं, 'नेहमी खरे बोलावे'. तेव्हा मी पुस्तकं चाळली, चौकशी केली आणि प्रामाणिकपणे लिहिलं, 'निघू शकतो. परंतु मी काढणार नाही.'

पंधरा दिवसांत आबकारीचा जमादार सायकलवर आला. वीतभर उंचीच्या अकरा रोपांभोवती त्यानं फेरी मारली, वहीत नोंद केली, आणि साऱ्या गावादेखत मला विचारलं, "मास्तर, रस कुठे लपवला?" त्यानंतर दरवर्षी हिवाळ्यात तो झाडं मोजायला यायचा. शाळेला सुटी पडली तरी त्याची फेरी चुकली नाही. पोरं मला पाहून डुलत डुलत चालायची ती वेगळीच.

तर रोपं पाळीवर लागली. मी पत्र्याची पाटी रंगवून घेतली, 'वृक्षारोपण : हिरालाल गुरुजी', आणि पाळीच्या टोकाशी, शेवटच्या रोपाजवळ रोवली. आणि मग सल्ले सुरू झाले. ज्या गावानं माझं भाषण मुकाट्यानं ऐकलं होतं, ते गाव आता बोलायला लागलं. नारळ हे समुद्राचं झाड, समुद्र खारा, तेव्हा झाडाला मीठ पाहिजे, यावर गावात पहिल्यांदाच एकमत झालं. आमच्या गावात समुद्र पाहिलेला एकही माणूस नव्हता, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. मलासुद्धा ते शास्त्रीय वाटलं, हे कबूल करतो. तीस सालचा पावसाळा होता. देशभर लोक मीठ उचलत होते आणि मी एकटा पुरत होतो.

प्रत्येक खड्ड्यात ओंजळ ओंजळ मीठ टाकत मी शेवटच्या रोपापाशी आलो, तेव्हा रुख्मा पाण्यातून शिंगाड्याचे वेल ओढत होती. विधवा बाई. तीन वर्षांची प्रेमिला तिच्या पाठीला बांधलेली. कंबरभर पाण्यातून तिनं विचारलं, "काऊन जी गुरुजी, झाड लावून राहिले का लोनचं घालून राहिले?"

"रुख्मा, तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो.

"बराबर हाय," ती म्हणाली आणि वेल ओढायला लागली.

त्याच आठवड्यात मला दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला भंडाऱ्याला जावं लागलं. परत आलो तर पाळीवर दहा वाळक्या काड्या उभ्या होत्या. अकरावं रोप मात्र, पाटीजवळचं, हिरवंगार. मी आनंदानं ओरडलोच. मीठ सगळ्यांच्या प्रकृतीला मानवत नाही, पण ज्याला मानवतं त्याचं सोनं होतं, असा सिद्धांत मी तिथल्या तिथे मांडला आणि चौथीच्या वर्गाला लिहूनही दिला. देव मला क्षमा करो.

रुख्मा त्या झाडाला पाणी घालायची. कुणी सांगितलं नव्हतं. मासे धुतलेलं पाणी, तलावातला गाळ, सगळं त्या बुडाशी. उन्हाळ्यात तलाव तळाला जायचा तेव्हा ती पाव कोस चालत डोक्यावर घडा आणायची, एक घरात, एक झाडाला. म्हशींना हाकलायची, पानं तोडणाऱ्या पोरांना असल्या शिव्या द्यायची की मला शाळेची खिडकी लावून घ्यावी लागायची. मी जाता येता म्हणायचो, "शाब्बास रुख्मा!" आणि पाटीवरची धूळ पुसून पुढे जायचो. आता आठवलं की माझी मला लाज वाटते.

कोकणात म्हणे सात वर्षांत नारळ लागतो. आमच्या झाडानं तेरा घेतली. पण त्रेचाळीस साली घड आला, नऊ नारळांचा. आणि कधी आला, तर लढाईच्या ऐन धामधुमीत! वॅगनी सगळ्या पलटणीकडे लागलेल्या. गोंदियातच नारळ मिळेना, मग आमच्या गावाला कुठला? गावात एकच नारळ उरला होता, मारुतीच्या देवळात. कुणाकडे पूजा असली की तो घरी न्यायचा, हळदकुंकू वाहायचं, 'देवा, फोडायचा राहिला, समजून घे' म्हणायचं आणि परत आणून ठेवायचा. दोन वर्षं तो नारळ घरोघर हिंडत होता. मारुतीचे आमच्याकडे निदान चाळीस नारळ थकले असतील.

याच वेळी रुख्माच्या प्रेमिलाची सोयरीक जुळली. बोदलकशाचं ढिवरांचं चांगलं घर, मुलगा मेहनती. पण मुलाचा आजा जुन्या वळणाचा. त्यानं निरोप पाठवला, साक्षगंधाला, साखरपुड्याच्या दिवशी, पोरीच्या घरून नारळ मुलाच्या ओटीत पडला पाहिजे, तो आम्ही संगं घेऊन जाऊ. नाही पडला तर आमच्यापुढे दुसरी सोयरीक आहे. देवळातला नारळ देता येईना, कारण तो गेला की परत येणार नव्हता. रुख्मा तीन बाजार पायी हिंडून आली आणि रिकाम्या हातानं झाडाखाली बसली. वर नऊ नारळ लोंबत होते.

"तोडू या की!" मी म्हणालो.

"खबरदार!" असा आवाज आला. आमच्या शेजारच्या सावित्रीबाई. वय सत्तर, दात दोन, आणि गावातल्या सगळ्या रीतीभातीची किल्ली त्यांच्याकडे. "बिनलग्नाच्या झाडाचं फळ तोडता? मास्तर हाव का कोन हाव?"

आमच्या भागात आमराई लावली की आंब्याचं लग्न लावतात, चमेलीच्या वेलीशी. तोवर फळ खात नाहीत. मला हे ठाऊक होतं, पण नारळालाही ते लागू पडेल असं वाटलं नव्हतं. झालं! मी मास्तरचा नवरदेवाचा बाप झालो. नवरी कोण, यावर तीन दिवस बैठक चालली. कुणीतरी शिंदीचं झाड सुचवलं, दिसायला नारळाच्या नात्यातलं. मी साफ नकार दिला. शिंदीच्या घरी सोयरीक केली असती तर आबकारीचा जमादार वऱ्हाडी म्हणून येऊन बसला असता. शेवटी चमेलीच ठरली. मांडव पडला, हळद कालवली. आणि मग सावित्रीबाईंनी विचारलं, "लग्नात फोडायले नारेल कोठं हाय?"

सगळे वर बघायला लागले.

"वर कायले पाहता? नवरदेवाचं लेकरू नवरदेवाच्याच लग्नात फोडता का?"

म्हणजे नारळ तोडायला लग्न पाहिजे आणि लग्नाला नारळ पाहिजे. मी भूमितीची प्रमेयं सोडवलेला माणूस, पण इथे माझी मती गुंग झाली. अखेर गावानं काळजावर दगड ठेवून मारुतीचा नारळ आणला. फोडायचा मान बापाचा. मी दगडावर आपटला. आतून मूठभर काळा भुसा निघाला. दोन वर्षं सगळं गाव भुशाला नमस्कार करत होतं! आरंभालाच सडका नारळ, म्हणजे अपशकुन. बाहेरून चांगला नारळ येईपर्यंत लग्न तहकूब झालं. मांडव सोडताना लोक माझ्याकडे असं बघत होते, जणू तो भुसा मीच भरला होता.

गर्दी पांगायला लागली तेव्हा रुख्मा सावित्रीबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "माये, एक सांग. बंदी सप्पाइले हाय का ज्यानं झाड लावलं त्याले?"

सावित्रीबाईंनी डोळे मिटून आठवलं. "ज्यानं लावलं त्याले, अन् त्याच्या घरच्याइले. त्याइनं तोंडाले लावू नाही, घरच्या कामी आनू नाही. बाकीच्याइले कायची बंदी?"

"मंग गुरुजीच्या घरचे सोडून बाकी सप्पाइनं घेतला त चालते?"

"चालते."

माझा जीव भांड्यात पडला. सुलोचना मात्र पुटपुटली, "तेरा वर्षं झाडाचं कौतुक ऐकलं मी, आणि चटणी खायची गावानं!" पण मी खरंच खूश होतो. प्रेमिलाचं काम होणार होतं. साक्षगंधाच्या दिवशी सकाळी, पाहुण्यांदेखत, मी झाडाला हात लावून 'हे झाड मी लावलं, गावाला खुलं करतो' असं म्हणायचं आणि मग घड उतरवायचा, असं सावित्रीबाईंनी ठरवून दिलं. मी म्हटलं, एवढे पाहुणे येणार, तर चार शब्द जास्त बोलू. मी भाषण लिहायला घेतलं. त्यात मी मोठ्या मनानं लिहिलं होतं की हे झाड माझ्या एकट्याचं नाही, रुख्मानं तेरा वर्षं पाणी घातलं, तेव्हा निम्मं वृक्षारोपण तिचंच आहे.

आदल्या दिवशी दुपारी रुख्मा शाळेच्या ओट्यावर आली. "गुरुजी, भाषनात मायं नाव नोका घेऊ."

"अगं, का नको? पाणी तू घातलंस. निम्मं श्रेय तुझं आहे, आणि ते मी देणार."

"निम्मं कायचं जी," ती म्हणाली. "रागाऊ नोका. झाड लावलंच म्या."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. मी भंडाऱ्याला गेलो त्यानंतरच्या पंधरवड्यातच अकराही रोपं मिठानं जळाली होती. मी उकिरड्यावर फेकलेल्या दहा नारळांतल्या एकाला मागाहून कोंब आला होता. तिनं शेवटच्या खड्ड्यातली खारी माती हातानं उपसली, तलावाचा गाळ भरला आणि तो नारळ तिथे लावला.

"पण मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुमी भंडाऱ्याहून आले, झाड पाहून पोरासारखे नाचले. मंग कोन सांगते?" ती म्हणाली. "अन् पाटी त रोवलीच व्हती."

मी त्या पाटीची तेरा वर्षं धूळ पुसत आलो होतो.

"आता उद्या मायं नाव निंगालं त बंदी मले लागते," रुख्मा म्हणाली. "मंग नारेल पोरीच्या कामी येत नाई. सोयरीक मोडते. तुमीच लावलं म्हना जी. पुरं तुमीच लावलं म्हना."

"रुख्मा, मी खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्यामागच्या भिंतीकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिथे काय लिहिलंय हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं. "थे मालूम हाय मले. तवाच त लोक मानतीन," ती म्हणाली आणि गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही एवढं सांगतो, बाकी तपशिलात शिरत नाही. सकाळी पाळीवर सारं गाव जमलं. बोदलकशाचा आजा पांढरा फेटा बांधून पुढे बसला होता. माझे आजीमाजी विद्यार्थी रांगेनं उभे होते, त्यांतल्या कित्येकांना मी एवढ्यातेवढ्या थापेसाठी अंगठे धरून उभं केलेलं. प्रेमिला झोपडीच्या दारात खाली मान घालून उभी होती आणि रुख्मा माझ्याकडे बघतच नव्हती, पाण्याकडे बघत होती.

मी झाडाला हात लावला आणि म्हणालो, "हे झाड मी लावलं. मी एकट्यानं लावलं. दुसऱ्या कुणाचा याला हात लागलेला नाही. गावाला खुलं करतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजीले लय घमेंड हाय बाप्पा. रुख्मीनं पानी घातलं, तिचं नाव त घ्यायचं होतं!" पाळीवर सगळे माना हलवायला लागले. आयुष्यात एकदा खोटं बोललो, तेही दुसऱ्यासाठी, आणि त्याबद्दल मला मिळालं काय, तर घमेंडखोर हा किताब. सुलोचनासुद्धा दोन दिवस धड बोलली नाही. नारळ मात्र मुलाच्या ओटीत पडला. आज्यानं तो कानाशी हलवून पाहिला, आत पाणी खळखळलं, आणि म्हातारा हसला.

पुढची तीन वर्षं गावानं त्या झाडाचे नारळ वापरले. लग्नात, बारशात, मारुतीच्या थकलेल्या उधारीत. काथ्याचे दोर वळले, सोडणाच्या घासण्या केल्या. घरोघरी चटण्या वाटल्या जायच्या, वास आमच्या स्वयंपाकघरात यायचा, आणि आम्ही नवराबायको शेंगदाण्याची चटणी खायचो. एकदा मी पाहिलं, रुख्मासुद्धा खात नव्हती. शेजारणीनं दिलेली वाटी तिनं तशीच म्हशीवाल्याच्या पोरीला दिली. बंदी कुणाला आहे हे तिला ठाऊक होतं ना. पोरीसाठी तिनं नारळ घेतला, पण स्वतःच्या जिभेवर कण ठेवला नाही.

शेहेचाळीस साली गाड्या सुरळीत झाल्या आणि श्यामलालकडे शेंडीवाले नारळ आले. पुन्हा मांडव पडला, पुन्हा चमेली सजली. मी नवरदेवाचा बाप म्हणून पाटावर बसणार, तोच रुख्मा गर्दीतून पुढे आली. तिच्या कडेवर प्रेमिलाचा आठ महिन्यांचा मुलगा होता.

"थांबा जी," ती म्हणाली. "झाड म्या लावलं. गुरुजी तवा खोटं बोलले, माया पोरीसाठी बोलले. आता माया नातू झाला, आता कोन सोयरीक मोडते?"

मांडवातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझा तिसरीतला एक विद्यार्थी बोलला, "गुरुजी, तुमी खोटं बोलले?"

"हो," मी म्हणालो. "अंगठे धरू का?"

पण कुणी हसलं नाही. आणि सुलोचना उठली. मला वाटलं, आता माझी खैर नाही. "म्हणजे तीन वर्षं मी उगाच शेंगदाणे कुटले?" असं माझ्याकडे बघून ती म्हणाली खरी, पण गेली रुख्माकडे. सावित्रीबाईंनी 'विधवा बाई पाटावर...' एवढं म्हणेपर्यंत तिनं रुख्माचा हात धरून तिला नवरदेवाच्या आईच्या पाटावर बसवलंसुद्धा. सावित्रीबाईंनी दोन दातांत ओठ धरला, जरा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "बसली त बसली. हळद लाव आता, मुहूर्त चालला."

आता बंदी रुख्माची होती, तेव्हा मला लग्नाआधीही खायला हरकत नव्हती, हे तिनंच सगळ्यांना सांगितलं. झाडाचा एक नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो साऱ्या गावासमोर खाल्ला आणि रडलो. खोटं सांगत नाही, चवीला फार काही विशेष नव्हता, जरासा चामटच होता. पण तसा नारळ मी पुन्हा खाल्लेला नाही. लग्न लागलं आणि मग रुख्मानं खाल्ला.

त्या हिवाळ्यात जमादार आला, आता म्हातारा झालेला, सायकल हातात धरून. त्यानं वही उघडली. "एक झाड. मालक हिरालाल मास्तर."

"ते खोडा," मी म्हणालो.

"खोडायला अर्ज लागेल, मास्तर."

मी तिथेच पाळीवर बसून अर्ज लिहिला. कारण म्हणून लिहिलं, 'पूर्वी दिलेली माहिती खोटी होती.' रुख्माचा अंगठा घ्यायला गेलो तेव्हा ती जाळं विणत होती. तिनं अंगठा शाईत बुडवला आणि विचारलं, "याच्यात का लिवलं जी?"

"झाड तुमचं आहे असं लिहिलंय, रुख्माबाई."

तिनं कागदावर अंगठा दाबला, लुगड्याला पुसला आणि पुन्हा जाळं हातात घेतलं. "थे त मले मालूमच व्हतं," ती म्हणाली.